साधन की अलंकार?

“घरात खायला नाही, पण हातात मोबाइल मात्र हवा!” हे वाक्य आमच्या सुशिक्षित मंडळींच्या बैठकीत इतक्या वेळा उच्चारले जाते की, एखाद्या कोशकाराने त्याची म्हणींत गणना केली तरी आम्हांस नवल वाटणार नाही. घरच्या मोलकरणीविषयी, द्राक्षबागेतील मजुराविषयी, दारावरच्या भाजीवालीविषयी ते सारख्याच सहजतेने काढले जाते. आणि बोलणाऱ्याच्या स्वतःच्या हातात त्या क्षणी जी वस्तू असते तिची किंमत विचारण्याचा असभ्यपणा सहसा कोणी करीत नाही. तो असभ्यपणा करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. आमच्या मते या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात भलताच मनुष्य उभा केलेला आहे. आणि हे मत बनण्यास एक लहानसा अपघात व हरसूलचा बाजार ही दोन कारणे झाली.

हरसूल हे नाशिकच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वर तालुक्यातील बाजाराचे गाव. गिरणारे व वाघेरा यांवरून घाटाच्या वाटेने तेथे जाता येते. भोवतालच्या पाड्यांतील कोकणा, महादेव कोळी व वारली कुटुंबे भात, नागली, वरई पिकवितात. भात घरात आले की त्यांतील पुष्कळजण दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागांत कामास जातात. अशा घरातील आठ-दहा हजारांच्या मोबाइलचा दिवस कसा जातो ते पाहावे. बागेत माणसे किती हवीत हे मुकादम त्यावरच कळवितो. मजुरी बँकेत जमा झाली की नाही, हे त्यावरच समजते. शिधापत्रिकेची ई-केवायसी असो की जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचा हप्ता असो, सरकारचा संदेश त्यावरच यावयाचा. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलीचा आवाज त्यावरच ऐकावयाचा, आणि रात्री-अपरात्री सुनेस कळा सुरू झाल्या तर १०८ हा आकडा त्यावरच दाबावयाचा. एकेकाळी तलाठ्याच्या, पोस्टाच्या व दुकानदाराच्या दारी जी कामे होत, ती राज्यकर्त्यांनी व बाजाराने मिळून या एका यंत्रात कोंबली आहेत. ते विकत घेणे याला चैन म्हणावयाचे असेल, तर विहिरीच्या दोराला आणि बैलाच्या कासऱ्यालाही चैनच म्हणावे लागेल.

आता आमच्याकडे वळू. गेल्या वर्षी एका व्याख्यानाच्या निमित्ताने आम्ही याच गावी जात होतो. घाटात गाडी थांबवून धुक्याने भरलेल्या दरीचे छायाचित्र घेण्याचा मोह झाला, आणि ऐंशी हजार रुपयांस घेतलेला आमचा मोबाइल हातातून निसटून खडकावर आपटला. काच तडकली, पडदा काळा पडला. सोबत्याचा मोबाइल साडेआठ हजारांचा होता. त्यावरून नाशिकच्या एका दुकानी चौकशी केली. त्यांनी दुरुस्तीचा जो आकडा सांगितला, त्यात तसले दोन नवे मोबाइल येऊन वर बसभाडे उरले असते. अखेर हरसूलच्या एका लहान दुकानातून, कामापुरता म्हणून, आम्ही बारा हजारांचा एक मोबाइल घेतला. दुकानातील तरुण म्हणाला, “काका, सगळं होतंय याच्यात. रात्रीचे फोटू जरा कमी येतील, तेवढंच.” इतकी प्रामाणिक जाहिरात आम्ही त्यापूर्वी कोठेही वाचली नव्हती.

कामापुरता घेतलेला तो मोबाइल आज चौदा महिने आमच्यापाशी आहे. त्या तरुणाचा शब्द अक्षरशः खरा ठरला. पत्रव्यवहार, मुद्रिते तपासणे, पैसे देणे-घेणे, रेल्वेचे तिकीट, नातवंडांचे मुखदर्शन, यांतील एकही गोष्ट अडली नाही. रात्रीची छायाचित्रे मात्र खरोखरच वाईट येतात. उन्हात पडदा फिका दिसतो. आणि आम्ही न मागितलेल्या जाहिराती मधूनमधून डोळ्यांपुढे नाचतात. या उणिवा आम्ही लपवीत नाही. शेवटच्या उणिवेकडे तर आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

परंतु खरा फरक पडला तो यंत्रात नव्हे, तो माणसांत पडला. नाशकास एका लग्नाच्या पंगतीत आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी तो मोबाइल आमच्या ताटाशेजारी पाहिला. ते क्षणभर थबकले, आणि आवाज उतरवून म्हणाले, “काय हो, घरी सगळं ठीक आहे ना?” त्या प्रश्नात सद्भाव होता यात शंका नाही. तथापि नव्या मोबाइलने काय होते व काय होत नाही, हे त्यांनी विचारले नाही. आमच्यावर कोणती आपत्ती कोसळली, एवढेच त्यांस जाणून घ्यावयाचे होते. ऐंशी हजारांतील अडुसष्ट हजार आम्ही कशासाठी मोजले होते, याचा उलगडा आम्हांस त्या पंगतीत झाला. हा प्रश्न कोणी विचारू नये, यासाठी ते मोजले होते.

हा प्रकार कसा घडत गेला त्याचा इतिहास थोडक्यात असा. भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडे आणि आलेल्या संभाषणाचेही पैसे मोजावे लागत. तेव्हा मोबाइल जवळ असणे हीच प्रतिष्ठा होती. पुढे २००३ साली येणारे संभाषण फुकट झाले, त्याच वर्षी नोकियाचा विजेरी असलेला ‘११००’ हा स्वस्त नमुना बाजारात आला, आणि मोबाइल खेडोपाडी पोहोचला. जी वस्तू सर्वांपाशी आली ती प्रतिष्ठेच्या कामाची उरली नाही. म्हणून प्रतिष्ठा वस्तूवरून उठून नमुन्यावर जाऊन बसली. ॲपलचा आयफोन २००८ च्या ऑगस्टात येथे आला तेव्हा ३१,००० रुपयांस होता. २०१७ साली त्याच घराण्यातील ‘एक्स’ या नमुन्याच्या मोठ्या क्षमतेच्या प्रतीने लाखाचा उंबरठा ओलांडला. २०२३ साली ‘१५ प्रो’ची किंमत १,३४,९०० रुपयांपासून सुरू झाली. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ सालीच दाखवून दिले होते की, काही वस्तू उपयोगासाठी घेतल्या जात नाहीत, त्यांवर द्रव्य उधळता येते हे दाखविण्यासाठी घेतल्या जातात. अशा वस्तूची किंमत वाढली तर गिऱ्हाईक पळत नाही, उलट रांग लावते.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप क्रमाने पाहू. पहिला आक्षेप असा की, महाग मोबाइल अधिक वर्षे टिकतो. हे म्हणणे खोटे नाही. गूगलने २०२३ च्या ऑक्टोबरात व सॅमसंगने २०२४ च्या जानेवारीत आपल्या वरच्या दर्जाच्या नव्या नमुन्यांस सात वर्षे सुरक्षेची अद्ययावत प्रणाली पुरविण्याचे वचन दिले. पण हा युक्तिवाद करणाऱ्या गृहस्थास त्याच्या हातातील मोबाइल किती सालचा आहे, हे विचारावे. सात वर्षांच्या टिकाऊपणाचे पैसे मोजून दुसऱ्या वर्षी तो बदलणे, म्हणजे सागवानी दाराची किंमत देऊन पावसाळ्यापुरता तट्टा लावणे होय. जे सद्गृहस्थ तो खरोखर सात वर्षे वापरतील त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

दुसरा आक्षेप छायाचित्रांचा. ज्याचा उदरनिर्वाह छायाचित्रणावर किंवा चित्रफितींवर चालतो, अथवा ज्या दृष्टिहीन मनुष्यास विशिष्ट यंत्रातील वाचनाची सोय सवयीची झाली आहे, त्याने ते यंत्र अवश्य घ्यावे. बाकीच्यांनी गेल्या वर्षात काढलेल्या हजारो छायाचित्रांपैकी पुन्हा किती पाहिली, हे प्रामाणिकपणे मोजावे.

तिसरा आक्षेप असा: “पैसा आमचा, हौस आमची, आणि हप्ता तर बिनव्याजी मिळतो.” यातील दुसरा भाग निव्वळ भ्रम आहे. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांस बजावले होते. आजच्या ‘बिनखर्ची’ हप्त्यात व्याज असतेच. विक्रेता ते सवलतीच्या रूपाने भरून काढल्याचे दाखवितो, त्या व्याजावरील अठरा टक्के कर गिऱ्हाइकाच्या माथी बसतो, वर प्रक्रियेचे शुल्क असते, आणि रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सूट बहुधा हातची जाते. ‘ऋण काढून सण’ ही म्हण आमच्या आजोबांनी निंदेसाठी वापरली. आम्ही ती योजनेचे नाव म्हणून स्वीकारली आहे.

पैसा ज्याचा त्याचा, हे आम्हांस मान्य आहे. मात्र तोच न्याय द्राक्षबागेतील मजुरासही लावला पाहिजे. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसास २९७ रुपये होती. त्या दराने १,३४,९०० रुपये मिळविण्यास साडेचारशेहून अधिक दिवस खपावे लागेल. आणि केंद्राच्या कायद्यातील हमी त्या वर्षी एका कुटुंबास शंभर दिवसांची होती. हा हिशेब आम्ही कोणास लाज वाटावी म्हणून मांडीत नाही. ज्याच्या साडेचार वर्षांच्या हमीइतकी रक्कम आपण खिशात घेऊन हिंडतो, त्याच्या आठ हजारांच्या मोबाइलला उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार आपणांस कोठून आला, एवढेच आम्ही विचारतो. त्या पाड्यावरील एखादा तरुण जेव्हा पाच हंगामांची बचत घालून हप्त्यावर महागडा मोबाइल घेतो, तेव्हा तो मूर्खपणा करतो हे खरे. पण मोबाइलवरून माणूस जोखावयाचा असतो हा धडा त्याने नागलीच्या शेतात गिरविलेला नाही. तो आपल्या दिवाणखान्यांतून, आपल्या मुलांच्या महाविद्यालयांतून व आपल्या लग्नाच्या पंगतींतून तेथवर गेला आहे.

येथवरचा दोष व्यक्तीचा झाला. याहून मोठी हानी सार्वजनिक आहे, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. सुशिक्षित वर्गाने सरकारी शाळा सोडल्या, त्यानंतर त्या शाळांविषयी वर्तमानपत्रांस खरमरीत पत्र लिहिणारा पालक उरला नाही. सरकारी दवाखान्यांचेही तेच झाले. स्वस्त मोबाइलची गत आज तीच आहे. नको असलेल्या जाहिराती, आधीच भरून दिलेली आणि काढून टाकता न येणारी ॲप, सुरक्षेची प्रणाली दोन-तीन वर्षांत बंद पडणे, हे सारे त्या वस्तूचे दोष आहेत. आणि ज्याच्या मोबाइलात सारी मजुरी आहे, त्यालाच ते सर्वाधिक भोवतात. हे दोष स्वस्तपणाचे अटळ फळ नाहीत. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या मोबाइलांसाठी नियम लागू केला की, त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षे प्रणालीची सुधारणा मिळाली पाहिजे व सुटे भाग उपलब्ध असले पाहिजेत. आणि हा नियम लावताना किंमत पाहिलेली नाही. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे एक संकेतस्थळ उघडले. पण त्याला धाक प्राप्त करून देणारा ओरडा झाला नाही. होणार कसा? ज्यांना ओरडता येते, त्यांनी लाख रुपये भरून आपल्यापुरती सुटका करून घेतली आहे.

म्हणून आम्ही स्वस्त मोबाइलकडे वळण्याचा जो आग्रह धरतो तो काटकसरीचा उपदेश नव्हे. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारास स्वतः कातलेल्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून गेले, ते उंची वस्त्र परवडत नव्हते म्हणून गेले नाहीत. साधी वस्तू उघडपणे वापरणे हे त्यांचे मत होते, आणि ते मत अंगावर घालून ते सभेत बसले. आपल्यापुढील काम त्या मानाने फार सोपे आहे. हातात आहे तो मोबाइल मरेपर्यंत वापरावा. तो मेल्यावर कामाला पुरेल एवढाच घ्यावा, आणि त्याची किंमत कोणी न विचारता सांगावी. दहावीच्या गुणांचे बक्षीस म्हणून मुलाच्या हाती लाखाचे यंत्र देऊन त्यास माणसे मोजण्याचा खोटा गज देऊ नये. त्या स्वस्त मोबाइलात जे वाईट आढळेल त्याविषयी उत्पादकास, ग्राहक मंचास व आपल्या खासदारास पत्रे लिहावी. आपली लेखणी एरवी पुष्कळच चालते. त्या पत्रांचा उपयोग आपणांस होईल त्याहून हरसूलच्या बाजारात अधिक होईल.

राहता राहिला आमच्या स्नेह्यांचा प्रश्न. घरी सर्व ठीक आहे. पूर्वीपेक्षा अडुसष्ट हजारांनी अधिक ठीक आहे.