मजकूर कोणाचा, यंत्र कोणाचे?

सन १८०५ मध्ये मिरजेस भगवद्गीता छापली गेली. पटवर्धनांच्या आश्रयाने झालेल्या या मुद्रणात सुटे खिळे नव्हते. तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे उलटी कोरून त्यांचे ठसे कागदावर उमटविले होते. त्या काळाचा विचार करता हे काम कौतुकास्पद होते यात शंका नाही; परंतु त्या पद्धतीत एक अंगभूत अडचण होती. पत्र्यावर एखादे अक्षर चुकले तर गीता मुखोद्गत असलेल्या शास्त्र्यालाही ते स्वतः सुधारता येण्यासारखे नव्हते. त्यासाठी कोरणाऱ्या कारागिराचेच पाय धरावे लागणार. मजकूर आणि धातू एकजीव झालेले होते. सुट्या खिळ्यांनी हा जोड उकलला. लिहिणारा, जुळारी आणि यंत्र चालविणारा यांची कामे वेगळी झाली, आणि मुद्रणाचा खरा प्रसार त्यानंतरच झाला.

हे स्मरण आज करण्याचे कारण असे की, शाळा, महाविद्यालये, पंचायती व सहकारी संस्था यांच्या संकेतस्थळांपैकी बरीचशी अद्याप ताम्रपत्राच्याच अवस्थेत आहेत. महाविद्यालयाने कोणा कंत्राटदाराकडून संकेतस्थळ करवून घ्यावे. त्याने मजकूर, मांडणी आणि आज्ञावली एकत्र विणून द्यावी. आणि पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत आठ दिवसांनी वाढली एवढा एक आकडा बदलावयाचा झाला तरी लिपिकाने त्याला दूरध्वनी करावा, पत्र पाठवावे आणि वाट पाहावी, हा अनुभव शिक्षक व लिपिक वर्गास नवा नाही. आकडा बदलेपर्यंत मुदत टळून गेलेली असते आणि खेड्यातला विद्यार्थी अर्ज न करताच राहतो. संकेतस्थळ हा शब्द जुन्या काव्यात प्रेमिकांच्या ठरलेल्या भेटीच्या जागेसाठी येतो, आणि तेथे जाऊन कोणीच न भेटल्याने फसलेल्या नायिकेला साहित्यशास्त्राने विप्रलब्धा असे नाव दिले आहे. आजच्या वाचकाची अवस्था ओळखण्यास हे नाव पुरेसे आहे!

यावरचा तांत्रिक उपाय कधीच उपलब्ध झालेला आहे. मजकूर एका कोठारात साठवावा, मांडणीचा साचा दुसरीकडे असावा, आणि वाचक पान उघडील तेव्हा यंत्राने दोहोंची सांगड घालावी, ही ती पद्धत होय. ज्याला अर्ज टंकलिखित करता येतो त्याला अशा व्यवस्थेत सूचना प्रसिद्धही करता येते. आज्ञावलीचे ज्ञान त्याला लागत नाही. उद्या साचा बदलला, यंत्र बदलले, कंत्राटदार बदलला, तरी मजकूर शाबूत राहतो. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सिद्ध केलेल्या अशाच समान चौकटीवर उभी आहेत. यंत्राची चिंता केंद्राने वाहावी व मजकुराची जिल्ह्याने, अशी ही विभागणी तत्त्वतः योग्यच आहे.

मजकूर यंत्राहून दीर्घायुषी असावा लागतो, याचे उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईस सिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली. या चार दशकांत छपाईचे तंत्र आमूलाग्र बदलले. खिळे गेले, संगणकावरील अक्षरजुळणी आली, आणि पुढे हा कोश महाजालावर गेला. तेथेही त्याचा पत्ता बदलला. परंतु नोंद ती नोंदच राहिली, कारण नोंद लिहिणारा तज्ज्ञ, ती तपासणारा संपादक आणि ती वाचकापर्यंत नेणारे यंत्र यांची कामे मुळातच निरनिराळी होती. याउलट १९९० नंतर ज्यांनी आपले मराठी कागद एखाद्या विशिष्ट फॉन्टच्या भरवशावर संगणकात साठविले, त्यांची स्थिती पाहावी. फॉन्ट नाही त्या संगणकावर तो मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग! अक्षर आणि अक्षराचे रूप यांची फारकत करणारे युनिकोड रूढ होईपर्यंत मराठीने हा भुर्दंड सोसला, आणि कित्येक कार्यालयांतील जुन्या धारिका तो अजूनही सोसत आहेत.

तंत्र वेगळे केले म्हणजे काम झाले, असा मात्र एक सोयीस्कर समज पसरला आहे. वस्तुतः खरी अडचण तेथूनच पुढे सुरू होते. मजकुराची किल्ली कार्यालयाच्या हाती आली. ती किल्ली कोणी चालवावयाची? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे व ती दरवर्षी अद्ययावत करण्याचे बंधन घातले. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राने २००९ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर प्रत्येक विभागात मजकुरास उत्तरदायी असा अधिकारी नेमण्यास सांगितले. ही तत्त्वे पुढे २०१८ व २०२३ मध्ये सुधारली गेली. परंतु अंदाजपत्रकात यंत्राचा खर्च दिसतो, मजकुराचा दिसत नाही. संगणक खरेदी होतात, देखभालीचा वार्षिक करार होतो, उद्घाटनाचे छायाचित्रही निघते. लिहिण्याचे काम मात्र ‘संगणक येतो’ म्हणून कोणा कनिष्ठ लिपिकाच्या गळ्यात पडते. त्या बिचाऱ्याला टंकलेखन येते, पण नियम कोणता बदलला हे त्याला कोणी कळविलेले नसते. ज्याला ते ठाऊक असते, त्या अधिकाऱ्याला हे आपले काम वाटत नाही.

किर्लोस्करवाडीचे उदाहरण येथे आठवावे. आज सांगली जिल्ह्यात असलेली ही वसाहत १९१० साली यंत्रांच्या कारखान्यासाठी वसली, आणि तेथूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. यंत्रांना त्या गावी तोटा नव्हता. तरीही मासिक नावारूपास आले ते शंकरराव किर्लोस्करांसारखा संपादक त्यास लाभला म्हणून.

लिपिकाच्या हाती प्रसिद्धीचा अधिकार दिल्यास चुका होतील, गैरप्रकार होतील, अशी शंका काढली जाते. ती अगदीच निराधार नाही. परंतु लिहिणारा एक, मंजुरी देणारा दुसरा, आणि प्रत्येक बदलाची वेळेसह नोंद, एवढी शिस्त या व्यवस्थांत सहज बसविता येते. टिपणी खालून वर जाते व आदेश वरून खाली येतो, ही पद्धत कार्यालयास काय नवी आहे? खरा धोका दुसरीकडे आहे. संकेतस्थळाचे नाव कंत्राटदाराने स्वतःच्याच नावे नोंदविलेले असते आणि मजकुराची प्रत संस्थेजवळ नसते. देयकाचा वाद उद्भवला की वर्षानुवर्षांचा मजकूर ओलीस पडतो. नाव, मजकूर आणि त्याची वाचनीय प्रत संस्थेच्या मालकीची राहील, हे कलम करारात आरंभीच घालावयास हवे.

दुसरी एक खोड तितकीच घातक आहे. सूचना संगणकावर लिहावयाची, कागदावर छापावयाची, शिक्का मारावयाचा आणि मग त्या कागदाचे चित्र संकेतस्थळावर टांगावयाचे! त्यातला शब्द शोधता येत नाही, अंधांच्या वाचनयंत्राला तो वाचता येत नाही. दोनशे वर्षांनंतर मिरजेचा तांब्याचा पत्रा परत आणल्यासारखेच हे आहे.

कृष्णाकाठी या प्रश्नाला कार्यालयीन सोयीपलीकडचे मोल आहे. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडास कृष्णेला मिळून सांगलीकडे जाते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांस इशारा पातळी आणि ४५ फुटांस धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. अशा वेळी विसर्गाचा आकडा तासातासाने बदलतो, आणि घर केव्हा सोडावे हे लोक त्यावरून ठरवितात. तो आकडा जाणणारा अभियंता आणि तो पानावर चढविणारा हात यांच्यामध्ये कोणी तिसरा उभा असता कामा नये. पावसाळ्याच्या तोंडाशी पूर नियंत्रण कक्षाच्या पाळ्या लावल्या जातात. दूरध्वनी कोणी घ्यावयाचा हे त्यात लिहिलेले असते. आकडा कोणी प्रसिद्ध करावयाचा आणि रात्री दोन वाजता त्याला मंजुरी कोणी द्यावयाची, या दोन नावांचा रकाना त्याच तक्त्यात वाढविण्यास कोणत्याही निविदेची आवश्यकता नाही.