जुन्या व्हॅनच्या आगीमागे रबरी नळीचे दुखणे

परभणी : उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे सरकला, की भररस्त्यात मोटार पेटल्याच्या बातम्या येऊ लागतात. ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ या एका वाक्यावर बहुतेक चौकशा थांबतात. जुन्या व्हॅनच्या बाबतीत हे अर्धेच उत्तर आहे. वायरिंग ठिणगी पुरवते. जळण मात्र अनेकदा गळक्या नळीतून आलेले असते.

राज्य शासनाने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. परभणी, सेलू, जिंतूर किंवा गंगाखेडच्या सामान्य कुटुंबाची मुक्कामी गाडी मात्र वेगळीच असते. मागचे आसन काढून सतरंजी अंथरलेली, कोपऱ्यात शेगडी आणि छोटा सिलिंडर ठेवलेली जुनी व्हॅन पंढरपूर, तुळजापूर किंवा थेट तिरुपतीला निघते. एरवी तीच गाडी लग्नाचे वऱ्हाड आणि बाजारचा माल वाहते.

या वर्गातील सर्वांत परिचित गाडी मारुती ओम्नी. तिचे उत्पादन 2019 मध्ये थांबले. त्यामुळे आज धावणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. तिचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणाऱ्या मार्गात जोडांवर रबरी नळीचे तुकडे असतात. उष्णतेने हे रबर कडक होते, त्याला भेगा पडतात आणि हादऱ्यांनी क्लिप सैल होते. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, मग मराठवाड्यातील मे महिन्याबद्दल काय सांगावे? शिवाय इंजिन प्रवाशांच्या पायाशीच असल्याने भडका उडाल्यावर बाहेर पडण्यास काही क्षणच मिळतात.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल 2025 पर्यंत देशभर पोचले. काही जुन्या वाहनांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही त्याच वर्षी मान्य केले आणि हे काम स्वस्त व सोपे असल्याचे सांगितले. काम स्वस्त आहे, यात वाद नाही. पण तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती आलेल्या, कंपनीच्या सर्व्हिसिंगचे तोंड कित्येक वर्षे न पाहिलेल्या गाडीच्या चालकाला ही सूचना कोण देणार? ऊस पिकविणाऱ्या जिल्ह्याने इथेनॉलला दोष देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. 15 वर्षांची नळी साध्या पेट्रोलवरही तडकतेच.

याहून गंभीर प्रकार गॅसचा आहे. परवानाधारक किटची टाकी 80 टक्क्यांपर्यंतच भरते. उरलेली जागा गॅसच्या प्रसरणासाठी असते. घरगुती सिलिंडरमधून मोटार लावून चोरून गॅस भरताना ही मर्यादा पाळली जाईल, याची खात्री नसते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो गाडीच्या तळाशी साचतो आणि बटण दाबल्याची ठिणगीही त्याला पुरते. जळगावच्या इच्छादेवी चौकात नोव्हेंबर 2024 मध्ये अशाच अवैध केंद्रावर ओम्नीत गॅस भरताना स्फोट झाला. गाडीतील प्रवासी होरपळले आणि त्यातील काहींचा पुढे मृत्यू झाला. पंजाबातील लोंगोवाल येथे फेब्रुवारी 2020 मध्ये जुनाट शाळेची व्हॅन पेटून चार मुले दगावली होती. तेव्हा देशभर हळहळ झाली, काही दिवस तपासणी मोहिमाही निघाल्या.

तपासणीचे नियम आहेत. व्यावसायिक वाहन आठ वर्षांचे झाले, की दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची मात्र पहिली 15 वर्षे अशी तपासणीच होत नाही. नंतर नोंदणीच्या नूतनीकरणावेळी, तीही पाच वर्षांतून एकदा. खासगी नोंदणीवर प्रवासी वाहणारी व्हॅन नेमकी या फटीतून निसटते. ब्रेक, दिवे, धूर पाहिला जातो; गाडीखाली वाकून नळीला हात लावण्याइतका वेळ कोणाकडे असतो?

वास्तविक, गळती आधी आपली चाहूल देते. सकाळी दार उघडताच येणारा पेट्रोलचा वास, गाडीखालचा ओला डाग किंवा अचानक घटलेले ॲव्हरेज ही तिची लक्षणे आहेत. वास आल्यास गाडी सुरू करून पाहू नये. दारे उघडून, ढकलत मोकळ्या जागी न्यावी. नवी नळी इथेनॉलला टिकणारी, इंधनासाठीचीच हवी. पाण्याची पाइप कापून बसविण्याचा उद्योग गॅरेजमध्ये सर्रास चालतो. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत तर दाब जास्त असतो आणि तेथे साधी नळी फार दिवस टिकत नाही.