लाखोंचा पगार घेणाऱ्या पायलटांना युनियन कशाला हवी?

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि मुंबई, पुण्यासह देशभरात प्रवासी विमानतळांवर अडकले. पायलटांच्या ड्युटीचे नवे नियम लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास झाली होती आणि रात्रीच्या ड्युटीत ६ ऐवजी २ च लँडिंगची मर्यादा आली होती. त्यासाठी लागणारी तयारी कंपनीने वेळेत केली नव्हती.

खरं तर डीजीसीएने हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते. ते लांबणीवर पडत गेले. पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, तेव्हा कुठे जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. गोंधळानंतर मात्र डीजीसीएने इंडिगोला रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. म्हणजे नियोजन चुकलं कंपनीचं, पण विश्रांती कमी झाली पायलटांची.

देशपातळीवर संघटना आहेत, मग कंपनीत वेगळी कशाला?

नियम सरकार ठरवतं, पण रोस्टर कंपनी बनवते. सुट्टी कधी मिळणार, ऐनवेळी ड्युटी बदलली तर काय, 'मी थकलोय, उड्डाण करणार नाही' असं सांगणाऱ्यावर कारवाई होणार का, हे सगळं कंपनीच्या आत ठरतं. बाहेरची संघटना कोर्टात जाऊ शकते, पण रोजच्या रोस्टरवर तिला बोलता येत नाही. आणि एकटा पायलट बोलला, तर त्याला नोकरीची भीती असते.

युरोपातल्या रायनएअरचंच बघा. सप्टेंबर २०१७ मध्ये रोस्टरचा घोळ होऊन तिची हजारो उड्डाणं रद्द झाली. तोवर ही कंपनी युनियनला दारातही उभं करत नव्हती. ऐन नाताळात संपाची वेळ आली, तेव्हा डिसेंबरमध्ये तिने पायलट युनियनना मान्यता द्यायची तयारी दाखवली.

पण संपाचं काय?

ही भीती खोटी नाही. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या पायलटांचा संप ५८ दिवस चालला आणि प्रवाशांचे हाल झाले. आता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपासाठी १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तरी तो संपच धरला जातो.

मग उत्तर काय?

युनियन हवी. फक्त पगारवाढीसाठी नाही, तर रोस्टर बनतानाच 'हे जमणार नाही' असं कुणीतरी न घाबरता सांगावं म्हणून. ते आधी सांगितलं गेलं, तर वाद मीटिंगमध्ये मिटतो. नाहीतर तो विमानतळावर येतो आणि त्याची किंमत तुम्ही-आम्ही मोजतो.