गृध्रसी, बस्ती आणि शल्यकर्माची वेळ

आपल्या चिकित्सालयात कटिशूल व गृध्रसीचे रुग्ण किती येतात, हे वैद्यवर्गास निराळे सांगावयास नको. स्नेहन, स्वेदन, बस्ती, अग्निकर्म व सिरावेध यांनी त्यांतील बहुसंख्यांना उतार पडतो, हा आपला अनुभव आहे. आधुनिक निरीक्षणही त्याच्याशी विसंगत नाही. मणक्यांमधील चकती सरकून नाडीमूळ दाबले जाते व त्यातून ही वेदना उद्भवते, हे मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यतज्ज्ञांनी १९३४ मध्ये मांडले. पुढे १९८३ मध्ये नॉर्वेतील वेबर यांनी शस्त्रक्रिया केलेल्या व न केलेल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या वर्षाअखेर शस्त्रक्रियेचा लाभ स्पष्ट होता. चार वर्षांनंतर मात्र दोन्ही गटांत लक्षणीय अंतर उरले नव्हते. तेव्हा ‘शस्त्रक्रियेची घाई करू नका’ हा आपला सल्ला पुष्कळदा योग्यच असतो. परंतु पुष्कळदा म्हणजे सर्वदा नव्हे. हा भेद मी एका रुग्णाच्या हानीतून शिकलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक टेम्पोचालक दोन्ही पायांत उतरणारी कळ घेऊन माझ्याकडे आला. बस्तिक्रम सुरू केला. तिसऱ्या दिवशी दिलेला बस्ती क्षणभरही न थांबता बाहेर आला. लघवीस जोर करावा लागतो, असेही तो म्हणाला. मी अपानाची दुष्टी मानली, बस्तिद्रव्य बदलले, गोक्षुरादि गुग्गुळ दिला. दोन दिवसांनी बसण्याची जागा बधिर झाली व पाऊल उचलेना, तेव्हा त्यास पुढे पाठविले. शस्त्रक्रिया झाली, पायाची कळ गेली. मूत्रावरील ताबा मात्र परत आला नाही. तो आजही नळीने मूत्र काढतो.

माझी उपपत्ती शास्त्राला सोडून नव्हती, आणि धोका नेमका तेथेच होता. मल-मूत्रांचे नियमन अपानाकडे आहे. त्यामुळे प्रत्येक नव्या लक्षणाचे स्पष्टीकरण जुन्याच निदानात बसत गेले. बस्ती न थांबणे हे गुदसंकोचक शिथिल झाल्याचे चिन्ह होते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखालील नाडीगुच्छावर मोठ्या चकतीचा दाब आला की हीच लक्षणे दिसतात. हा दाब काही तासांत, निदान एक-दोन दिवसांत दूर व्हावा लागतो. तेथे कोणतेही तेल वा गुग्गुळ पोहोचत नाही.

म्हणून गृध्रसीच्या प्रत्येक रुग्णास प्रत्येक भेटीत विचारावे: लघवी अडते किंवा नकळत होते काय? मलाचा ताबा गेला काय? जननेंद्रिय व बैठकीच्या भागी स्पर्श कळतो काय? पायाची शक्ती घटते आहे काय? यांपैकी काहीही नव्याने उद्भवल्यास त्याच दिवशी रुग्णास शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. हातांनी गुंडी लावता न येणे व चाल ताठ होणे ही मानेतील मज्जारज्जूवरील दाबाची चिन्हे होत. अशा मानेस मर्दनाचे झटके कदापि देऊ नयेत. पाठदुखीसोबत ज्वर व वजनातील घट असेल तर मणक्याच्या क्षयाचा विचार करावा.

मस्तिष्काविषयीही हेच. वृद्धाच्या डोक्यास किरकोळ मार लागतो, घरचे विसरून जातात, आणि काही आठवड्यांनी विस्मृती, झोकांड्या किंवा एका अंगाची दुर्बलता दिसू लागते. आपण त्यास जराजन्य स्मृतिभ्रंश किंवा पक्षाघात म्हणतो. कवटीखाली हळूहळू साठलेले रक्त हे त्याचे कारण असू शकते. सीटी स्कॅनने ते दिसते व कवटीस छोटे छिद्र पाडून काढता येते. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांत ही शक्यता अधिक. अकस्मात उठलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी शिरोवेदना तर क्षणभरही थांबवून ठेवू नये.

कोणी म्हणेल, रुग्ण एकदा तिकडे गेला की परत येत नाही. परंतु पक्व गुल्मात धान्वंतरीयांचा अधिकार चरकाचार्यांनीच मान्य केला आहे. कायचिकित्सेचा हा आद्य ग्रंथ आपली सीमा आपणच आखतो. त्यात त्याची हानी झाली नाही. वेळेवर पाठविलेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतर बलवर्धनासाठी आपल्याकडे येतो. उशिरा पाठविलेला आला, तरी आपण त्याच्या डोळ्यांस डोळा देऊ शकत नाही.

औषधी दुकानांच्या चालकांनाही एक विनंती. कंबरदुखीसाठी महायोगराज गुग्गुळ व महानारायण तेल मागणाऱ्यास ‘लघवी नीट होते ना?’ एवढे अवश्य विचारावे. त्यास अर्धा मिनिट लागतो. माझ्या रुग्णाला तो अर्धा मिनिट मी दिला नाही.