जुन्या दुर्बिणीचा सौदा

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. जुने भांडे मोडीत काढावयास आणले की दुकानदार ते तागडीत टाकतो आणि भाव सांगतो. भांड्यास पोचा असो वा चीर, धातूचे मोल वजनावर ठरते. दुर्बिणीचे तसे नाही. तिचे मोल तिच्या दृष्टीत असते, आणि ती दृष्टी शाबूत आहे की अधू, हे दिवसा दुकानात बसून कळत नाही. विकणाऱ्यास मात्र ते ठाऊक असते.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने हेच दाखविले. दोष ओळखता येत नसला की ग्राहक प्रत्येक वस्तूस कमीच भाव देऊ करतो. मग चांगला माल बाजारातून निघून जातो आणि सदोष तेवढा उरतो. हौशी आकाशनिरीक्षकांकडे यावर साधा उपाय आहे : आधी तारा पाहावा, मग पैसे मोजावे.

एखादा ठळक तारा दुर्बिणीत घ्यावा. प्रतिमा नीट जुळली की तो बिंदूसारखा दिसला पाहिजे. जुळणी किंचित आत व किंचित बाहेर केल्यास दोन्ही वेळा सारखीच गोल कडी दिसावीत. आरशाच्या दुर्बिणीत ती एका बाजूस कललेली दिसली तर आरसे सरकलेले असतात. ते स्क्रू फिरवून नीट करता येतात. भातशेतीच्या या दमट जिल्ह्यात खरी धास्ती बुरशीची. भिंगावर विजेरीचा झोत तिरपा टाकला की तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. तिने काच खाल्ली असल्यास डाग जात नाहीत. उलट, थोड्या धुळीने फारसे बिघडत नाही. ती घाईने पुसताना पडलेले ओरखडेच अधिक बाधतात. खोक्यावरील शेकडो पटींच्या आकड्यालाही भुलू नये. भिंगाचा व्यास ७० मिलिमीटर असेल तर सुमारे १४० पटींपुढे चित्र केवळ मोठे होते, स्पष्ट होत नाही.

एका वस्तूविषयी मात्र घासाघीस नको. जुन्या लहान दुर्बिणींच्या खोक्यात कधी कधी नेत्रिकेस लावावयाची काळी ‘सूर्यकाच’ असते. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकू शकते, आणि क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. विकणाऱ्याने ती फोडून टाकावी आणि तसे सांगावे. घेणाऱ्याच्या घरी बहुधा लहान मूलच त्या दुर्बिणीची वाट पाहत असते.

नीट जपलेली दुर्बीण माणसापेक्षा अधिक जगते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्यात वेधशाळा उभारली. १९१२ साली ती बंद झाली, तेव्हा तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेकडे गेली आणि पुढेही उपयोगी पडली.

माळ्यावर पडून असलेली दुर्बीण विकावयाची असेल, तर गिऱ्हाइकास सायंकाळी बोलवावे, गच्चीवर न्यावे आणि तिच्यातील उणे आपणहून दाखवावे. भाव थोडा उतरेल. पण माप कमी देणे आणि दोष झाकून ठेवणे यांत अंतर ते काय?