पट्टा सोडू नका, बॉस!

वीकेण्ड म्हणजे मॉल, मल्टिप्लेक्स आणि रविवारी दुपारपर्यंत लोळणं, हे समीकरण तोंडपाठ झालेल्या मंडळींसाठी या आठवड्याचा बेत जरा ओला आहे. कार्तिक संपत आला की भद्रावती गाठायची, सोबत कुत्रा घ्यायचा आणि मस्त चालायचं. फक्त एक गोष्ट निघण्याआधीच क्लिअर हवी. त्याला कुठे न्यायचं आणि कुठे नाही.

भद्रावती म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं जुनं भांदक. भद्रनागाचं देऊळ, जैन मंदिर, डोलारा तलाव आणि विजासनच्या टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी. टेकडीच्या पोटात सरळ आत जाणारे लांब बोळ आणि टोकाला बसलेली बुद्धमूर्ती. एकाने आत जायचं, दुसऱ्याने बाहेर पट्टा धरून थांबायचं, असा आमचा नियम.

आमचा बंड्या अस्सल गावठी. गेल्या खेपेला रात्री अवकाळी पाऊस शिंतडून गेला होता. गावाबाहेरच्या वाटेवर सागाची पानं किड्यांनी खाऊन जाळीदार झालेली, ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल भिजून काळी पडलेली, दोन झाडांमध्ये कोळ्याचं भलंमोठं जाळं दवाने चमकत होतं. ओल्या मातीत वास टिकून राहतो, त्यामुळे बंड्याला दहा पावलं चालायला दहा मिनिटं लागत होती. कसली घाई होती म्हणा!

एका वळणावर मात्र तो थबकला. मानेवरचे केस ताठ, भुंकणं नाही, नुसती बारीक गुरगुर. वरून वानराचं ‘खॉक्’ ऐकू आलं. आम्ही मुकाट मागे फिरलो. गावाजवळ भेटलेले एक गुराखी काका म्हणाले, “मोकळा नोका सोडू जी त्याले. थो भेला का तुमच्यापाशीच पयत येते, अन् त्याच्या मागं बिबट.”

काका उगाच घाबरवत नव्हते. अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. आपला लाडका बंड्या बिबट्याच्या मेन्यूकार्डावर अगदी वर आहे!

आता उलटी बाजू. ताडोब्याचं मोहर्ली गेट भद्रावती तालुक्यातच येतं. तिथे सफारीला कुत्रा नेता येत नाही, आणि अनेकांना हा नियम जाचक वाटतो. पण डिस्टेंपर हा कुत्र्यांचा आजार मोठ्या मांजरांनाही होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत त्याने सुमारे हजार सिंह गेले, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, त्यातल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला. वाघही याच कुळातला. त्याला लस टोचायला कुणी जाऊ शकत नाही. बंड्याला मात्र आपण टोचू शकतो, दर वर्षी, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे.

तेव्हा निघण्याआधी एवढं कराच. डिस्टेंपर, रेबीज आणि लेप्टोच्या लसी वेळेवर झाल्यात ना, कार्ड काढून बघा. ऊन चांगलं वर आल्यावर, चारचौघांत, वर्दळीच्या वाटेनेच चाला. पट्टा छोटा आणि हातात. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, घरचं पाणी न्या. त्याची शी पिशवीत भरून परत आणा. वानर किंवा चितळ ओरडलं की मागे फिरा, मोबाइल काढत बसू नका. घरी आल्यावर कान आणि पायांची बोटं उघडून गोचीड शोधा. आणि मोहर्लीला सफारी करायची असेल, तर त्या दिवशी बंड्याला आजीकडे ठेवा. तिथे त्याचे लाड जास्तच होतात.