माळ्यावरून उतरले, पण गेले कुठे?

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून काय काय खाली येते! जळालेला मिक्सर, कडा तुटलेला मोबाइल, वायरींचे भेंडोळे, जुना पेटीसारखा टीव्ही. भंगारवाला वजन करतो, चार पैसे हातावर ठेवतो आणि घर मोकळे होते. रिमोटमधले सेल तर सरळ कचऱ्याच्या डब्यात जातात. यात कोणाचा काही गुन्हा आहे, असे कोणालाच वाटत नाही.

प्रश्न किती मोठा?

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणाला गेल्याची नोंद आहे. चीन आणि अमेरिकेनंतर सर्वाधिक ई-कचरा भारतात तयार होतो.

भंगारात पुढे काय होते?

ज्याला भाव आहे तेवढेच काढले जाते. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात. सर्किट बोर्डातील सोन्याच्या कणांसाठी ते आम्लात बुडवले जातात. फ्रिजचा कॉम्प्रेसर कापला की त्यातील वायू हवेत जातो. जुन्या टीव्हीच्या जाड काचेत शिसे असते. तिला गिऱ्हाईक नाही, म्हणून ती नाल्याकाठी पडते. हे काम करणाऱ्याच्या हातात बहुधा हातमोजेही नसतात.

बॅटरीचा धोका आणखी जवळचा आहे. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक यांतील लिथियम बॅटरी कचरागाडीत दाबली गेली की आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन पेट घेऊ शकते. घड्याळातला बटन सेल लहान मुलाने गिळला, तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.

कायदा काय म्हणतो?

कायद्याची उणीव नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पूर्वी २१ प्रकारची उपकरणे त्यांच्या कक्षेत होती, आता १०६ आहेत. वस्तू बनवून विकणाऱ्यावरच ती परत चक्रात आणण्याची जबाबदारी आहे. २०२३-२४ साठी हे उद्दिष्ट ६० टक्के होते. २०२७-२८ पासून ते ८० टक्के होईल. बॅटऱ्यांसाठी २०२२ पासून स्वतंत्र नियम आहेत. म्हणजे रिमोट एका नियमात आणि त्यातला सेल दुसऱ्या. बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी देणे, हे त्या नियमांनी ग्राहकाचेही कर्तव्य ठरवले आहे.

मग अडते कुठे?

अडते ते घर आणि अधिकृत पुनर्चक्रीकरण केंद्र यांच्यामधल्या रस्त्यावर. भंगारवाला दारात येतो आणि पैसे देतो. अधिकृत संकलन केंद्र शोधावे लागते, तिथे स्वतः जावे लागते आणि हाती बहुतेक वेळा काहीच पडत नाही. अशा स्पर्धेत कोण जिंकणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांना रास्त मोबदला मिळावा म्हणून केंद्र सरकारने घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे किमान २२ रुपये दर ठरवला, तेव्हा काही बड्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. जबाबदारी मान्य, पण तिची किंमत नको, अशी ही भूमिका आहे.

वाट नाही असे मात्र नाही. इन्व्हर्टरची किंवा गाडीची जुनी बॅटरी आपण कचऱ्यात टाकत नाही, कारण नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो. हीच सोय मिक्सर, मोबाइल आणि पॉवर बँकेला का नसावी? दुसरे उदाहरण पुण्याचे. तिथे कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा ई-कचराही गोळा करते. भंगारवाल्याला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. त्याने माल गोळा करावा आणि फोडण्या-जाळण्याऐवजी तो अधिकृत केंद्राला चांगल्या भावात विकावा, अशी साखळी कंपन्यांच्या पैशातून उभी राहायला हवी. महापालिकांनीही वर्षातून एकदा मोहीम काढून छायाचित्रे काढण्यापेक्षा प्रत्येक प्रभागात कायमचे एक संकलन ठिकाण द्यावे.

आपण काय करावे?

- दुरुस्त होण्याजोगी वस्तू आधी दुरुस्त करावी. चालू असेल तर गरजूला द्यावी.
- सेल आणि बॅटऱ्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी साठवाव्यात. लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी.
- फुगलेली बॅटरी टोचू किंवा दाबू नये, चार्ज करू नये. लवकरात लवकर सेवा केंद्रात द्यावी.
- मोबाइल, लॅपटॉप देण्याआधी त्यातील माहिती पुसावी.
- नवी वस्तू घेताना ‘जुनी परत घेता का आणि ती कुठे पाठवता?’ हे दुकानदाराला विचारावे.

हा शेवटचा प्रश्न साधा आहे. पण तो दहा गिऱ्हाइकांनी विचारला, तर दुकानदार तो कंपनीला विचारेल. वस्तू विकताना घरापर्यंत पोहोचणाऱ्या कंपनीला ती परत नेताना मात्र आपला पत्ता सापडत नाही, ही सबब तेव्हा चालणार नाही.